सतरावं गिऱ्हाईक

इंजिनियरला सासरी सगळे इंजिनियर म्हणूनच हाक मारत. त्या घरात कॉम्प्युटरचं शिकलेला तो एकटाच. त्यामुळे कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाचा पासवर्ड हरवला, कोणाच्या फोनवर नको त्या जाहिराती नाचायला लागल्या की बोलावणं त्यालाच. तोही जायचा. जरा आढेवेढे घेत, कामाचा व्याप ऐकवत, पण जायचा. कारण काम झाल्यावर सासूबाई म्हणायच्या, "आमच्या धाकट्या जावयांना डोकं आहे हो." त्या एका वाक्यासाठी तो दोन बस बदलून आला असता.

लग्न झालं त्या वर्षी त्याने सगळ्यांना फुशारकीने सांगून टाकलं होतं, की फावल्या वेळात तो स्वतःचा एक गेम बनवतोय. समुद्रातलं एक बेट, त्यावर एकटा दीपगृहवाला, आणि रोज किनाऱ्याला लागणाऱ्या चित्रविचित्र वस्तू. बायकोला ती कल्पना इतकी आवडली होती की तिने त्याच आठवड्यात दीपगृहवाल्याची चार चित्रं काढून त्याच्या टेबलावर ठेवली. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती, हात चांगला होता तिचा. तो म्हणाला, "थांब जरा. आधी पाया होऊ दे, मग चित्रं."

त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत काय झालं म्हणाल, तर एक राखाडी ठोकळा उतारावरून घसरत होता. घसरताना त्याची सावली अगदी शास्त्रशुद्ध पडत होती. बस्स. बेट नाही, दीपगृह नाही, दीपगृहवाला तर नाहीच. कारण पाया. पाया म्हणजे गेमच्या पोटात जी यंत्रणा चालते ती. तशी ती बाजारात तयार मिळते, पण दुसऱ्याने केलेली यंत्रणा वापरणं त्याला उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं. म्हणून त्याने स्वतःची लिहिली. दीड वर्षाने तीच त्याला गबाळी वाटायला लागली, म्हणून ती पुसून नवी लिहिली. मग तीही पुसली. आता चौथी चालू होती. या धंद्यातल्या हुशार माणसांना हा आजार हटकून होतो, आणि गंमत अशी की ज्याला होतो त्याला तो आजार वाटतच नाही, शिस्त वाटते.

बाकीच्या छंदांचीही तीच गत. कपाटाच्या खालच्या खणात अर्धवट जोडलेले तीन कीबोर्ड होते. बुद्धिबळ शिकायला घेतलं तेव्हा खेळण्याऐवजी खेळांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहायला बसला, आणि नोंदवायला खेळच झाले नाहीत. ऑफिसात मात्र हाच माणूस एकदम शहाणा. तिथे तो गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणारा एक जुना, ठिगळं लावलेला प्रोग्राम सांभाळायचा. नवीन आलेलं कोणी "हे सगळं नव्याने लिहूया का" म्हणालं, की हाच त्याला बाजूला घेऊन सांगायचा, "चालतंय ना? मग पायाला हात लावायचा नाही. नव्याने लिहायला घेतलेलं कधी पुरं होत नाही." हे त्याला पक्कं ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता साडू. थोरला जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा साचा पाठवायचे आणि हा आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून त्यावर एकेक दात बसवायचा. पन्नाशीचा, बुटका, सतत हसऱ्या तोंडाचा गृहस्थ. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध बिलं छापण्यापुरता. इंजिनियरला तो आवडायचा. ज्याच्याशी आपली तुलना होणार नाही अशी खात्री असते, तो माणूस आवडायला काही कष्ट पडत नाहीत.

गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं कामातून गेल्यासारखी झाली. व्यायाम करून घेणारी एक बाई यायची. तिने रबरी चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले, आणि हे दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाली. सासूबाईंनी तीस वर्षं बटणांचं दुकान चालवलेलं. सबंध दिवस चार माणसांशी बोलायची सवय. त्यांनी चेंडू दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली ढकलून दिला. म्हणाल्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" थोरल्या मुलीने समजावलं, धाकटीने रागावून पाहिलं, डॉक्टरांनी भीती घातली. ढिम्म.

अशात एका रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले असताना साडू आपला टॅब घेऊन आला आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आई, दुकान उघडलंय. गिऱ्हाईक खोळंबलंय बघा."

पडद्यावर सासूबाईंचं दुकान होतं. तोच लाकडी काउंटर, त्याच बटणांच्या पेट्या. साडूने माळ्यावरची जुनी खोकी उतरवून एकेका बटणाचा फोटो काढला होता. काउंटरपलीकडे एक बाई उभी होती, काखेत कोट, कपाळाला आठ्या. ती म्हणत होती, "ताई, मला अगदी अस्संच बटण हवंय. पण वेगळं."

सासूबाई फसकन हसल्या. "अगं बाई, ही तर पोस्टातली."

गेम एवढाच, की गिऱ्हाईक आपलं रडगाणं गाणार, मग पेटीतलं योग्य बटण बोटाने धरून, न सोडता, ओढत नेऊन कोटावर ठेवायचं. बोट उचललं की बटण टपकन पेटीत परत. सासूबाईंचं बोट थरथरत होतं. नऊ वेळा बटण पडलं, दहाव्या वेळी बसलं. पोस्टातली बाई म्हणाली, "हे नाही, दुसरं दाखवा," आणि जेवणाची पानं वाढायची सोडून सगळं घर पडद्याभोवती गोळा होऊन हसायला लागलं.

इंजिनियरही हसला. न हसून सांगतो कोणाला?

"कशात बनवलंत, दादा?" त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अहो, ते रंगीत ठोकळे जोडायचं असतं ना, शाळकरी पोरांचं, त्यात. तीन आठवडे लागले," साडू ओशाळून म्हणाला. "तुमच्यासमोर दाखवायचं म्हणजे सोनारासमोर पितळ."

तीन आठवडे! इंजिनियरने मनात हिशोब केला, त्याचे स्वतःचे तीनशेच्या वर झाले होते. त्यात सासूबाई म्हणाल्या, "आमचे थोरले जावई गुणी हो." डोकं आहे असं नाही म्हणाल्या. गुणी म्हणाल्या, आणि ते जास्तच लागलं.

पण खरी मिरची झोंबली ती घरी परतताना. बसमध्ये बायको सारखी गालातल्या गालात हसत होती. तो म्हणाला, "चित्रं बरी होती. कुठून उतरवली असतील?"

"उतरवलीत कुठून? मी काढली," ती म्हणाली. "भाऊजींनी विचारलं, तर म्हटलं देते काढून. तुला सांगितलं नाही, कारण तुला वेळ नसतो."

ती खिडकीबाहेर बघत अगदी साधेपणाने बोलली. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. इंजिनियरच्या अंगाचा तिळपापड झाला. ही माझी बायको, चित्रं माझ्या गेमसाठी काढायची होती, आणि नाचतायत ती त्या कवळीवाल्याच्या दुकानात! त्या रात्री तो बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला, एवढं सांगितलं तरी पुरे.

साडूने एक रिवाजच पाडला. दर रविवारी एक नवं गिऱ्हाईक. एकदा कॉलर हाताने धरून आलेला मास्तर, ज्याला पाच मिनिटांत वर्गावर जायचं आहे. एकदा बँडवाला, ज्याला पितळी बटण हवं पण चमकणारं नको. एकदा दोन जावा, एकाच कापडाच्या दोन झग्यांसाठी एकमेकींपेक्षा सरस बटणं मागणाऱ्या. सासूबाई सोमवारपासून विचारायला लागायच्या, "या खेपेला कोण येणार?" आणि बोटं? व्यायामवाली बाई थक्क झाली. दहाव्या गिऱ्हाइकापर्यंत त्यांना चमचा धरता यायला लागला. चौदाव्याला त्या स्वतःच्या हाताने पेला उचलून पाणी प्यायल्या. थोरलीने त्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला. इंजिनियरने तो ऑफिसात पाहिला, खाली टाळ्या वाजवणारे तीन हात पाठवले आणि फोन पालथा घातला. आनंद झालाच होता त्याला, तो काही राक्षस नव्हता. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी करपलं होतं, आणि त्याचा वास त्याला एकट्याला येत होता.

त्या काळात तो भलताच कामाला लागला. शनिवार-रविवार दार लावून बसायचा. ठोकळ्याची सावली आता सूर्याप्रमाणे लांब-आखूड व्हायला लागली. त्याने बायकोला बोलावून दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण हा ठोकळा कोण आहे?"

त्याने ठोकळा पुन्हा उताराच्या टोकाला नेऊन ठेवला. ती भाऊजींना दोन जावांचे चेहरे पाठवायचे राहिलेत म्हणून निघून गेली.

सोळा गिऱ्हाइकं सुरळीत झाली. सतरावं आलं आणि दुकान बंद पडलं. साडूने नवं गिऱ्हाईक घातलं होतं, छत्रीवाला म्हातारा, पण तो दारातच गोठून उभा. ना पुढे येईना, ना मागे जाईना. साडूने दोन दिवस डोकं फोडलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनियरच्या घरी आला. लॅपटॉप छातीशी धरून, दुखऱ्या दाताचा रोगी डॉक्टरकडे येतो तसा.

"तुम्हीच बघा, इंजिनियर," तो म्हणाला. "माझी अक्कल संपली. आई सकाळपासून तीनदा विचारून झाल्या."

इंजिनियरने पोटातला आनंद चेहऱ्यावर येऊ न देता लॅपटॉप उघडला. आत बघितलं आणि त्याला घाम फुटला. काय तो पसारा! एका गिऱ्हाइकाचं सगळं उचलून दुसऱ्यासाठी पुन्हा डकवलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यासाठी. ठोकळ्यांना नावं कशी, तर 'हे चालतं', 'हेही चालतं', 'याला हात लावू नको'. कसली शिस्त नाही, कसली रचना नाही. आणि त्या उकिरड्यात मध्येच गिऱ्हाइकांची बोलणी. ती वाचताना इंजिनियरला हसू आवरेना, आणि जितकं हसू येत होतं तितका तो आतून पेटत होता. हे याला सुचतं कुठून? साचे घासता घासता?

चूक चार मिनिटांत सापडली. एके ठिकाणी साडूने 'एकूण गिऱ्हाइकं सोळा' असं लिहून ठेवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, सोळा म्हणजे डोक्यावरून पाणी असं वाटून. सतराव्याची गणतीच नव्हती, म्हणून ते दारात अडकलं होतं. सोळाच्या जागी साठ लिहायचं, की झालं. एक आकडा.

त्याने वर पाहिलं. साडू आशेने त्याच्याकडे बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, तीही बघत होती. पण तिचं लक्ष लॅपटॉपवर होतं, छत्रीवाल्या म्हाताऱ्यावर. तिनेच काढलेला.

"दादा," इंजिनियर म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हळुवार निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "खरं सांगू का? पायाच चुकलाय."

"म्हणजे?"

"एक गोष्ट दुरुस्त करून भागायचं नाही. आज सतरावं अडकलं, उद्या अठरावं अडकेल. हे सगळं नव्याने लिहायला हवं. नीट, पद्धतशीर. मी सांगतो काय काय वाचायचं ते." आणि मग तो दाखवायला लागला. हे बघा इथे कसं दोनदा आलंय, हे बघा या नावाला काही अर्थ आहे का, हे असं कोणी करत नाही. एकेक चूक बोट ठेवून. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख. साडूचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"आमच्यातही तसंच असतं," तो शेवटी म्हणाला. "साचाच वाकडा आला की वर कितीही घासा, कवळी बसत नाही. पुन्हा माप घ्यावं लागतं." त्याने खिशातून चिठोरी काढली आणि इंजिनियरने सांगितलेली सगळी नावं लिहून घेतली. जाताना त्याने लॅपटॉप मिटला तो पूर्वीसारखा नाही, काहीतरी झाकल्यासारखा.

"होईल ना पण लवकर?" बायकोने विचारलं.

"चांगल्या गोष्टीला वेळ लागतो," इंजिनियर म्हणाला. त्या रविवारी किती दिवसांनी जेवण गोड लागलं त्याला.

पुढचे काही आठवडे बरे गेले, नुसते बरे नाही, सुखाचे गेले. साडू आता फोन करायचा, शंका विचारायचा. त्याने जाड वही केली होती, व्याख्या निळ्या शाईने, उदाहरणं लाल शाईने. रविवारी जेवणं झाली की दोघे साडू पडवीत बसून पायाबद्दल बोलायचे. नव्या गिऱ्हाइकाचं नाव कोणी काढलं की साडू म्हणायचा, "आधी हे नीट होऊ दे, आई. जुनं अगदीच रद्दड होतं हो. इंजिनियरनी डोळे उघडले माझे." सासूबाई मान डोलवायच्या. सोळा गिऱ्हाइकं त्यांना तोंडपाठ झाली होती. पोस्टातल्या बाईने तोंड उघडायच्या आधीच त्या तिचं वाक्य म्हणायच्या, कंटाळल्या आवाजात. मग सतरावा म्हातारा दारात येऊन गोठायचा आणि त्या टॅब बाजूला ठेवायच्या. एक दिवस तो बाजूला ठेवलेला तसाच राहिला.

दोन महिने असे गेले. एका संध्याकाळी बायको आईकडून आली ती चप्पल काढून तशीच खुर्चीत बसली.

"आईच्या हातून पेला पडला आज," ती म्हणाली. "बोटं परत वळायला लागलीत. जेवली डाव्या हाताने. मला म्हणाली, सांगू नको कोणाला." जरा वेळाने म्हणाली, "तू विचार ना भाऊजींना, कधी होतंय ते. तुझंच ऐकतात ते हल्ली."

इंजिनियर उठून आपल्या खोलीत गेला. सुखाची गुंगी खाडकन उतरली होती. जुन्या गेमची प्रत त्याच्या लॅपटॉपवर होती, साडू आला होता त्या दिवशीच त्याने उतरवून घेतली होती. त्याने ती उघडली. सोळाच्या जागी साठ लिहिलं. छत्रीवाला म्हातारा दारातून आत आला, छत्री झटकली आणि म्हणाला, "ताई, उशीर झाला का हो?"

रविवारी तो नेहमीच्या वेळेआधी, एकटाच सासूबाईंकडे गेला. दुरुस्त केलेला गेम टॅबवर घालून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आई, सतरावं गिऱ्हाईक आलंय."

त्यांचे डोळे चमकले. त्यांनी बोट टेकवलं. बटण धरलं, निम्म्या वाटेवर सुटलं. पुन्हा धरलं, सुटलं. तिसऱ्या वेळी बोट पडद्यावर नीट टेकेचना, नुसतं घासत राहिलं. दोन महिन्यांपूर्वी त्या हातून हे काम बोलता बोलता होत होतं. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने झाकला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "थोरल्यांनी केलं का दुरुस्त?"

"मी केलं."

"मोठं काम होतं का हो?"

हो म्हणून टाकायला काही हरकत नव्हती. सगळ्यांचा विश्वास बसला असता आणि वर वाहवाही झाली असती. पण त्याची नजर त्या झाकलेल्या हातावर होती.

"एक आकडा बदलायचा होता, आई. मला पहिल्याच दिवशी दिसला होता. मी मुद्दाम दादांना म्हटलं, सगळं नव्याने करा म्हणून. करायला बसलं की ते कधी होणार नाही, हे मला माहीत होतं."

"का बरं?"

"मला बघवलं नाही," इंजिनियर म्हणाला. "सगळे त्यांचं कौतुक करत होते. तुम्ही, ही, सगळे. मी सहा वर्षं बसलोय, माझं काहीच झालं नाही."

सासूबाईंनी डाव्या हाताने टॅब बाजूला सारला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पोटात दुखलं आणि औषध माझ्या हाताला दिलंत." आवाज चढवला नाही त्यांनी. "मला सांगून काय उपयोग? ज्याचं मोडलंत त्याला जाऊन सांगा. आणि माझं गिऱ्हाईक घेऊन या."

साडू त्याच्या खोलीत एक कवळी घासत होता. टेबलाच्या कडेला ती जाड वही उघडी होती. इंजिनियरने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. थांबला असता तर सांगता आलं नसतं.

साडूचा हात थांबला. "चार मिनिटांत दिसलं होतं?"

"हो."

"आणि मी दोन महिने आईंना सांगतोय, माझंच डोकं चालत नाही म्हणून." तो हसला, पण नुसत्या तोंडाने. इंजिनियर शिव्यांची वाट बघत राहिला. त्या आल्या नाहीत. साडूने कवळी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"दादा, जुनं चालू झालंय आता," इंजिनियर म्हणाला. "तुम्ही पूर्वीसारखी गिऱ्हाइकं करा. आई वाट बघतायत." त्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

साडूने तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. "नाही जमणार हो आता. मी रात्री एकदा उघडलं होतं. ते दिसलं की तुमचं बोट दिसतं. हे इथे दोनदा, याला अर्थ नाही, असं कोणी करत नाही. लाज वाटते मला. असलं करून सगळ्यांना दाखवत होतो मी."

"मी खोटं बोललो होतो."

"तेवढं खोटं नव्हतं ते. गबाळं होतंच ना?"

होतंच. इंजिनियरला नाही म्हणता येईना. "गबाळं होतं, पण चालत होतं," तो म्हणाला. "माझं नीटनेटकं आहे आणि त्यात एक माणूस नाही."

साडूने कवळी पुन्हा घासायला घेतली. मग साडू खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला, दिव्याखाली कवळी धरली आणि म्हणाला, "तुम्ही लिहा. मी बोलतो. मी तिकडे बघणार नाही."

इंजिनियर स्टुलावर बसला. सतराव्या गिऱ्हाइकाचं सगळं उचललं आणि अठराव्यासाठी खाली डकवलं, शिस्त बाजूला ठेवून, जसंच्या तसं.

"एक गृहस्थ येतात," साडू भिंतीशी बोलल्यासारखा बोलायला लागला. "घाबरलेले. म्हणतात, ताई, बायकोने बटण आणायला पाठवलंय, पण कुठलं ते मी विसरलो. घरी जाऊन विचारावं तर म्हणेल, एवढंही लक्षात राहत नाही. तुम्हीच द्या एखादं, असं, की जे नेलं तरी मी चुकणार नाही."

इंजिनियर टाइप करता करता हसला, आणि हसता हसताच जुनी आग पुन्हा छातीत चढली. हे मला सहा वर्षांत नसतं सुचलं. साठ वर्षांत नसतं सुचलं. त्याने बोटं थांबवली नाहीत.

"यांना बटण कुठलं चालेल?" त्याने विचारलं.

"कुठलंही. आणि ते कोटावरच पडायला हवं असं नाही. काउंटरवर कुठेही टेकलं तरी बरोबर धरा. आईंचा हात आत्ता तेवढाच जाईल." साडूने कवळी दिव्याखाली फिरवून पाहिली. "मग तो म्हणतो, ताई, वाचवलंत."

इंजिनियरने ते लिहिलं. साडूची पाठ जराशी वळली, पूर्ण नाही, पडदा दिसणार नाही इतपतच.

"चांगलं झालंय का हो?" त्याने विचारलं.

सोळा गिऱ्हाइकं केली त्या माणसाने, पण हा प्रश्न त्याने कोणालाच कधी विचारला नव्हता. करायचा आणि आईंच्या मांडीवर नेऊन ठेवायचा. इंजिनियरने पडद्यावरची वाक्यं पुन्हा एकदा वाचली. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते ओठांपर्यंत यायला फार वेळ लागला.

"चांगलं झालंय, दादा," तो म्हणाला.

"नक्की ना?" साडूने भिंतीकडेच बघत विचारलं.